महाराजांच्या हातच्या गोळ्या

रुख्माने पाण्याचा ड्रम मांडवाच्या तोंडाशी ओढून आणला, झाकणावर स्टीलचे चार पेले उपडे घातले आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांचा डबा छातीशी धरून ती पंगत उठायची वाट पाहू लागली.

गावची आशा सेविका म्हणून दरवर्षी ती या गोळ्या घेऊन दारोदार फिरे आणि दरवर्षी तीच उत्तरं ऐके. उपाशी पोटी आहो. मागच्या साली चक्कर आली होती. ज्याले रोग नाही त्यानं कायले खावं? यंदा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या महाप्रसादानंतर वाटायच्या, असं तिनेच ठरवलं. भरल्या पोटी सबब कुठून आणतील? केशोराव महाराजांना कीर्तनात दोन शब्द बोलायची तिने विनंती केली होती.

महाराज दोन शब्दांवर थांबणारे नव्हतेच. देहाला त्यांनी देवाचं देऊळ म्हटलं, डासाच्या चाव्यातून शिरणाऱ्या किड्याला देवळातला चोर म्हटलं. मग टाळकऱ्यांना हातानेच थांबवून हलक्या आवाजात म्हणाले, "हा आजचा प्रसाद समजा. प्रसादाला नाही म्हणत नाहीत."

मांडवाबाहेर खुर्चीवर बसलेल्या सुशिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रुख्माची ही सासू एकेकाळी भजनात पहिली ओळ उचलायची. उजवा पाय सुजून खांबासारखा झाला, मांडी घालता येईना, तेव्हापासून तिची जागा मांडवाबाहेर. आपल्या नऊ वर्षांच्या लेकीची, खुशीची जागा आतच राहावी, एवढंच रुख्माला हवं होतं.

जेवणं झाल्यावर महाराज स्वतः डब्याजवळ येऊन बसले. रुख्मा वय विचारून गोळ्या त्यांच्या हातात देई, ते समोरच्याच्या ओंजळीत ठेवत. दरवर्षी दार लावून घेणारा चैतरामही टोपी काढून, वाकून घेऊन गेला. गोळी समोर गिळवून घ्यायची, मगच नाव लिहायचं, असा नियम होता. पण त्या दिवशी रुख्मा लोकांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती महाराजांच्या हातांकडे पाहत होती.

संध्याकाळी तिच्या रजिस्टरात एकही घर कोरं नव्हतं. ड्रम मात्र गळ्यापर्यंत भरलेला होता. पंगतीतलंच पाणी प्यायले असतील, असं म्हणत तिने झाकण नीट बसवलं.

सकाळी दिवा लावायला ती देवघरापाशी गेली. तसबिरीपुढे हळद-कुंकू वाहिलेल्या गोळ्या होत्या. दोन वाटे. एक मोठा, एक लहान.

"आई, ह्या काऊन इथं?"

"महाराजाच्या हातचा परसाद होय तो. असाच गिळून टाकाचा काय?" सुशिलाबाई खाटेवरून म्हणाल्या. "खुशी खाऊनच राहिली होती. मीच थांबवली तिले."

"तुमचा पाय पाहूनच तर हे सारं करून राहिली मी."

"माहा पाय गेला तो गेला. घरात परसाद राहीन तं पोरीच्या पायाले काही होत नाही."

रुख्माने खुशीला रात्रीचा भात खाऊ घातला. मग समोर बसवून एकेक गोळी गिळवली, तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहिलं. सुशिलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यांच्या वाट्याच्या गोळ्या मुठीत घेऊन ती बाहेर पडली. चैतरामच्या घरी गोळ्या नव्या फडक्यात बांधून धान साठवायच्या ढोलीवर टांगल्या होत्या. त्यापुढच्या घरी नागपूरला असलेल्या लेकासाठी राखल्या होत्या. तिसऱ्या दारात तिने विचारलंच नाही, आधी देवघराकडे पाहिलं. मग ती जवळजवळ धावतच देवळाकडे गेली. महाराजांनी एकदा, फक्त एकदा, गिळा म्हटलं असतं, तर गावाने गिळल्या असत्या.

जीप सुरू झालेली होती.

"महाराज, घंटाभर थांबता काय?"

"पुढचं गाव वाट पाहत आहे, बाई." जागरणांनी त्यांचा आवाज बसला होता, पण चेहरा उजळलेला होता. "काल पाहिलंस ना? एकानंही हात मागं घेतला नाही. चाळीस वर्षं गातो आहे मी. काल पहिल्यांदा वाटलं, माझ्या गाण्यानं कोणाचा तरी पाय वाचला."

रुख्माची मूठ पदराआड गेली.

महाराजांनी झोळीतून खडीसाखरेचा खडा काढून तिच्या दुसऱ्या हातावर ठेवला. तिने तो तिथेच तोंडात टाकला. त्यांच्याकडे पाहत कडाकडा चावला आणि गिळला.

महाराज हसले.

"अवं बाई, प्रसाद असा उभ्या उभ्या खातात काय? घरी न्यायचा. देवापुढं ठेवायचा."

आणि जीप हलायच्या आधी त्यांनी दुसरा खडा तिच्या पदरात टाकला.