अश्रद्धांचा बाक

मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग दारातून रस्त्यावर आला होता. आत दृष्टिदास महाराज अधू डोळ्यांना डोळस करत होते आणि ते बघायला अर्धं कोल्हापूर लोटलं होतं. स्टेजवर झगझगीत हॅलोजन लावलेले. मधोमध महाराज, त्यांच्या हातात तांब्याचा पत्रा आणि पत्र्याला सुईनं पाडावं तेवढंसं भोक.

"चष्मा म्हणजे मायेचं झाकण," महाराज माईकवर सांगत होते. "झाकण काढा, टोपलीत टाका. या छिद्रातून साक्षात सूर्यनारायण तुमच्या नाडीत उतरतील. व्हॉट्सॲपवर उतरणार नाहीत, त्यासाठी इथंच यावं लागेल."

बाळाबाई पुढं झाली. चष्मा नसला की नवरा कुठला आणि म्हैस कुठली हे आवाजावरून ओळखावं लागतं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तिनं चष्मा टोपलीत टाकला, पत्रा डोळ्याला लावला आणि गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. मांडव दणाणून गेला.

मागच्या रांगेत टोपी पुढं ओढून आकाराम चौगुले बसला होता. पेठांच्या फुटबॉल सामन्यांचा हा रेफ्री. ऑफसाइड दिला की एक पेठ "आंधळा हाय" म्हणून ओरडायची, नाही दिला की दुसरी. त्यात गेल्या आठवड्यात तो सकाळी उठला तो उजव्या डोळ्यापुढं खालून काळं पडल्यासारखं दिसायला लागलं. त्याला पहिली धास्ती डोळ्याची वाटलीच नाही. हे बाहेर फुटलं तर दोन्ही पेठा खऱ्या ठरतील, ही धास्ती वाटली. त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टर निशिगंधा यांचा दवाखाना गल्लीच्या तोंडालाच होता, पण तिथं जायची चोरी. बाई सामन्याला यायच्या आणि परवाच्या पेनल्टीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

त्याचा नंबर आला. चष्मा काढून डाव्या डोळ्याला पत्रा लावला, अक्षर लख्ख दिसलं. उजव्या डोळ्याला लावला, तर काळं होतं तिथं काळंच, बाकीचं धुरकट.

"श्रद्धा कमी पडते," महाराज म्हणाले. "त्या बाकावर बस, नामस्मरण कर."

भिंतीकडेच्या बाकावर असे बरेच अश्रद्ध बसले होते. शेजारी वेल्डिंगवाला गैबीचाचा भेटला.

"चाचा, तुमची पण श्रद्धा कमी?"

"आपला तर देवच येगळा," गैबीचाचा म्हणाला. "कमी पडायचीच की. साखरंनं डोळं गेलंत माझं. हितं बसायच्या नादात आजचं डोळ्याचं इंजेक्शन चुकवलं बघा."

आकाराम पंचाच्या सवयीनं बघत राहिला. ज्यांचं चष्म्यानं भागत होतं, तेवढेच वाचत होते. बाकावर येत होते ते चष्म्यानंही न भागणारे. यात फाउल होता, पण शिट्टी मारायची तर आधी स्वतःचा डोळा दाखवावा लागणार. तो गप्प बसला. हे गप्प बसणंच त्याला महागात पडत होतं.

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला. "गैबीचाचा हाय का हितं?" इंजेक्शन चुकवलेल्या पेशंटला शोधत डॉक्टर निशिगंधा स्वतः आल्या होत्या. बाकावरची नजर वळवून त्यांनी महाराजांच्या पत्र्याकडं बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. कार्यालयाच्या टेबलावर कुठल्याशा लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या. त्यांनी ओढणीची सेफ्टी पिन काढून एका पत्रिकेला भोक पाडलं आणि दुसरी पत्रिका बाळाबाईच्या हातात दिली.

"मावशी, ह्या भोकातनं त्या पत्रिकेतली सगळ्यात बारीक ओळ वाचा."

बाळाबाईनं वाचली. "कृपया आहेर आणू नयेत."

"आता ह्या पत्रिकेवर कुणी जप केला? नवरदेवानं?" मांडवात खसखस पिकली. "चष्म्याचा नंबर असला की उजेडाची किरणं डोळ्याच्या पडद्यावर एका जागी जमत न्हाईत, पसरत्यात. बारीक भोक पसरणारी किरणं अडवतंय, मधली सरळ तेवढी आत सोडतंय. म्हणून साफ दिसतंय. उजेड कमी पडतो म्हणून हे हॅलोजन. आमी दवाखान्यात रोज हेच करतो, पण आमाला कोण हार घालत न्हाय."

महाराज म्हणाले, "ही विज्ञानाची घमेंड!"

"मग ह्या बाकावरच्या लोकांना वाचून दाखवायला सांगा," बाई म्हणाल्या. "भोकातनंही दिसत न्हाय, म्हंजे चष्म्याचा दोष न्हवे. पडदा न्हायतर आतलं दुसरं काय तरी बिघडलंय. मंडळी, खरं आजारी हेच हायत, अन् तुमच्या म्हाराजांनी त्यांनाच जप करत बसवलंय. ह्यातल्या कुणाला अचानक दिसायचं कमी झालंय? त्यांनी आत्ता माझ्यासंगं चला."

बाकावरचं कुणी हललं नाही. आकारामनं पुढं ओढलेली टोपी वर सारली. सगळं गाव समोर होतं. मग तो उठला.

"माझं झालंय," तो म्हणाला. "उजव्या डोळ्याला खालनं काळं दिसतंय."

"आमी कवापास्नं सांगतोय," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. आकारामही हसला आणि इतके दिवस आपण कशाला भ्यालो याची त्याला लाजच वाटली. त्याच्या मागोमाग सगळा बाक उठला. इकडं टोपलीवर झुंबड उडाली. ज्याच्या हाताला जो चष्मा लागला तो त्यानं नाकावर चढवला. त्या गोंधळात महाराज मागच्या दारानं अंतर्धान पावले. हा एक चमत्कार मात्र अस्सल होता.

दवाखान्यात तपासणी झाली. "रक्तदाब वाढून पडद्याची एक शीर तुंबलीया," बाई म्हणाल्या. "जुनं रक्त निघंना, म्हणून ताजं आत येईना. पडद्याची पेशी लई खादाड. प्राणवायू तुटला की तिची ऊर्जा संपती, आतबाहेर क्षार हलवणारे तिचे पंप बंद पडत्यात. पेशी एकमेकींना निरोप द्यायला ग्लुटामेट सोडत्यात अन् लगेच गोळा करत्यात. आता गोळा करायला ताकदच न्हाय. म्हंजे तुमची शिट्टी वाजली, ती थांबतच न्हाय. त्या माऱ्यानं कॅल्शियम आत घुसतंय अन् पेशी मरती. तुम्हाला काळं दिसतंय ते तिथलंच."

"अन् बाकीचं धुरकट?"

"प्राणवायू असला की एक प्रथिन पेशीत तयार होतंय अन् लगेच मोडतंय. प्राणवायू नसला की ते साठतंय, पेशीच्या केंद्रात जाऊन व्हीईजीएफ नावाचा रेणू बनवायला लावतंय. नव्या रक्तवाहिन्या बोलवायची ती हाक. पण हाक लई झाली की हायत त्याच वाहिन्या पाझरत्यात अन् पडदा सुजतो. इंजेक्शन त्या रेणूलाच पकडतंय. सूज उतरंल, पण मेलेल्या पेशी परत यायच्या न्हाईत."

"पहिल्याच दिवशी आलो असतो तर?"

"सूज एवढी वाढली नसती," बाई म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

आकाराम बाहेर आला. बाकावरची सगळी माणसं भिंतीला टेकून नंबरची वाट बघत होती. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "पडद्याच्या पेशीला आपली श्रद्धा कळत न्हाय अन् आपली लाजबी कळत न्हाय. तिला रक्त लागतंय. मी आठवडाभर लपवलं, तेवढ्यात पडद्याची सूज वाढली. डोळ्यापुढं अचानक काळं आलं तर कुणालाबी विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं या." मग त्यानं गैबीचाचाचा हात धरला आणि त्याला आत नेऊन बसवलं.