फ्लशची टाकी

आमच्या फ्लशची टाकी वाहू लागली की संडास लांब होतो. एरवी तो एवढासा, बसलं की गुडघे दाराला लागतात. पण आमच्या रेवतीच्या साखरपुड्याच्या सकाळी मला टाकीपर्यंत चालत जावं लागलं.

शुभ दिवशी प्लंबर कशाला, वॉशर बदलायला मी काय कमी आहे, असं म्हणत मी आत शिरलो होतो. वॉशर झकास बसला. पाणी काही थांबेना. टाकीत हात घालून बॉल वर धरला तेव्हा थांबलं, आणि भिंतीही थांबल्या. सोडला की पुन्हा धार, पुन्हा दार मागे. धावून पाहिलं, पण दार माझ्याहून चपळ निघालं.

"अहो, मंडळी आली," माझी बायको वसुधा दार उघडून म्हणाली.

"बॉल सोडला की दार लांब जातं."

"मग धरून ठेवा. आवाज बाहेर येतोय, बरं दिसत नाही." तिने खुंटीवरचा माझा कोट काढला. "व्याहीभेट आजच उरकून घेऊ म्हणतायत. तुमच्या जागी हा नेते."

थोड्या वेळाने माझ्या पाठीभोवती कुणाचे तरी हात आवळले गेले. अत्तराचा वास आला. "तुम्ही फारच कमी बोलता बुवा," व्याही बाहेर कोटाला म्हणाले आणि सगळे हसले. मला भयंकर राग आला. मी चांगला बोलतो.

मग रेवती दारात आली. पदरात नारळ-तांदूळ होते.

"बाबा, नमस्कार करायचाय."

"आत ये."

"ओटी भरलीय. अशी संडासात कशी येऊ?"

"मग तिथूनच कर. मी इथून आशीर्वाद देतो."

"नुसता तोंडाने नको, डोक्यावर हात ठेवा. नाहीतर कोट ठेवेल म्हणते आई."

लहानपणी ताप आला की कपाळावर माझा हात असल्याशिवाय ही झोपायची नाही. त्या डोक्यावर रिकामी बाही, हे मला सहन होईना.

ती उंबऱ्याशी वाकली. मी बॉल सोडला आणि धावलो. टाकी वाहू लागली. आमच्या मधे एकेक फरशी वाढत गेली. ती पदर सावरून वाकलेलीच होती. तिचं डोकं लिंबाएवढं दिसू लागलं, मग सुपारीएवढं.

"ठेवलात का, बाबा?" तिने वर न बघता विचारलं.

"ठेवला," मी म्हणालो, आणि ओला हात पुढे धरून धावत राहिलो.