कोरडा ठणठणीत नको!

मी प्रयोगशाळेतला गोल बुडाचा चंबू बोलतोय. बोलता बोलता गिरकी घेऊन भलतीकडे गेलो तर सांभाळून घ्या. आत्ताच फिरून उतरलोय आणि अख्खी खोली अजून माझ्याभोवती गरगरतेय. फिरणं हाच माझा धंदा. माणसं फिरून आली की पाय दुखले म्हणतात. मला पायच नाहीत, त्यामुळे मी आपला मजेत!

माझा जन्म एका काच फुंकणाऱ्याच्या तोंडून झाला. लालभडक काचेच्या गोळ्यात त्याने गाल फुगवून फुंकर मारली आणि मी टम्म फुगलो. नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली असती तर माझं काय झालं असतं, या विचाराने अजून हसू येतं. बूड मात्र त्याने असं गोल केलं की टेबलावर ठेवलं की मी लवंडतो. म्हणून मला बसायला एक खास कडं आहे. त्यात मी राजासारखा बसतो.

माझं काम सांगतो. कुणीतरी पाण्याची बाटली आणून विचारतं, यात तेलबिल मिसळलंय का? ते इतकं कमी असतं की तपासणीच्या यंत्रालाही दिसत नाही. मग पाणी आधी नरसाळेबाईंकडे, म्हणजे बूच आणि तोटी असलेल्या नरसाळ्यात, जातं. त्यांच्यात भुर्रकन उडून जाणारं एक द्रावक ओततात आणि बाईंना उलटंपालटं करून हलवतात. मध्येच तोटी उघडली की बाई 'फुस्स' करतात आणि चारचौघांत ओशाळतात. पाण्यातलं तेल द्रावकात शिरतं, थर वेगळे होतात आणि द्रावक माझ्या पोटात येतं. मग मला तिरका अडकवून कोमट पाण्यात टेकवतात, पंप आतली हवा ओढतो, आणि गर्र गर्र गर्र! द्रावकाची वाफ होऊन जाते, तेल माझ्या तळाशी राहतं. ते यंत्राला दिलं की यंत्र कागदावर रेघ काढतं, आणि तेल असलं की रेघ उंच उठते. निदान तसं ठरलेलं असतं.

आमच्या खोलीत कोरडेपणाचं भारी वेड होतं. चंबू कोरडा ठणठणीत झाला म्हणजे काम चोख, ही मोठ्या साहेबांची शिकवण. ते मला उजेडात धरायचे आणि आत जरा काही चमकलं की म्हणायचे, "अजून फिरव." घरी जायची घाई असली की पाणीही चांगलं कढत करायचे. मला काय, मी फिरायचो!

एक दिवस वहिनीची नणंद आली. वहिनी म्हणजे मला हाताळणारी केमिस्ट. नणंद तिला वहिनी म्हणते म्हणून मीही म्हणतो. नणंद बालवाडी चालवते. हातात पाण्याच्या बाटल्या, चेहरा रडवेला.

"वहिनी, टाकीच्या पाण्याला रॉकेलचा वास येतोय गं. पोरांची पोटं दुखायला लागली. घरमालक म्हणतो, मला नाही येत वास, तुमच्या नाकाला औषध करा. प्रयोगशाळेचा कागद आणा, मगच टाकी उपसतो. मी घरून कळशा किती वाहू?"

पहिली बाटली झाली. रेघ सपाट.

"काही नाही यात," मोठे साहेब म्हणाले.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" नणंदेचे डोळे भरले.

मला फार वाईट वाटलं. मी ते रॉकेल पाहिलं होतं! द्रावकाचा हात धरून ते माझ्याच गळ्यातून पळालं होतं. पण ओरडणार कसा? तोंडाला नळी लावलेली.

वहिनीने दुसऱ्या बाटलीचं बूच उघडून वास घेतला. पुन्हा घेतला. तिने स्वच्छ पाणी घेतलं, त्यात स्वतःच्या हाताने मोजून रॉकेल घातलं आणि सगळं नेहमीसारखं केलं. रेघ जेमतेम हलली.

"साहेब, यात रॉकेल मी स्वतः घातलं होतं."

साहेबांनी मला उजेडात धरलं. "कोरडा ठणठणीत आहे की!" ते ऐटीत म्हणाले, आणि लगेच त्यांनी मला खाली कड्यात ठेवलं. "अरेच्चा. आपण रॉकेलही उडवून लावतोय."

मग काय धमाल उडाली! दोघांनी बाह्या सरसावल्या आणि पुन्हा मोजून रॉकेल घातलेलं पाणी घेतलं. नरसाळेबाईंना द्रावक एकदम न देता थोडं थोडं, पुन्हा पुन्हा दिलं. बाईंचं फुस्स फुस्स थांबेना. माझं पाणी नुसतं कोमट ठेवलं. पंप हळूहळू चालवला, कारण एकदम ओढलं की मला उचकी लागते आणि पोटातलं सगळं गळ्यात येतं. तळाशी चमचाभर उरलं तशी वहिनी ओरडली, "बस्स!" साहेब सवयीने "अजून फि..." म्हणाले आणि त्यांनी स्वतःच पटकन बटण बंद केलं. मग माझ्या भिंतींवरून थेंब थेंब द्रावक सोडून तेही त्या चमचाभरात मिळवलं. घातलेलं रॉकेल जवळजवळ सगळं परत मिळालं!

आता नणंदेची दुसरी बाटली. या वेळी रेघ ताडकन उठली.

"पाहिलंत? होतं की नाही!" नणंदेने टाळी वाजवली आणि मग बाटलीकडे बघितलं. "अगं बाई, म्हणजे पोरं खरंच हे पीत होती."

कागद बघून घरमालक मुकाट टाकीवर चढला. झाकणाला तडा होता, आणि त्यावर रंगाऱ्याने विसरलेला रॉकेलचा डबा गळत पडला होता. टाकी उपसली, घासली, नवी बाटली आली. मी जीव लावून फिरलो. रेघ सपाट! कुणाचा विश्वास बसेना. साहेबांनीच पुन्हा करायला लावलं. पुन्हा सपाट.

"या वेळी नाही म्हणजे नाहीच ना गं?" नणंदेने विचारलं.

"नाही म्हणजे नाही. पाज पोरांना."

नणंदेने तिथूनच बालवाडीतल्या मावशींना फोन लावला. "मावशी, नळ सोडा!" फोनमधून आधी पाण्याचा आवाज आला, मग पोरांचा असा कल्ला की मी कड्यात बसल्या बसल्या डुललो.

आता मला कुणी उजेडात धरत नाही. रोज फिरतो, रोज मला वेळेवर थांबवतात. तुमच्या हाती माझा कुणी भाऊबंद आला तर एवढंच करा: त्याला खुशाल गरगरा फिरवा, पण शेवटचं चमचाभर तळाशी राहू द्या. नणंदेचा खरेपणा त्या चमचाभरातच होता.