हापशीवरून केलेला फोन

"मॅडम, तुमच्या हातून कधी कोणी मेलं काय?"

 शेजारी बसणाऱ्या रिंकूनं दोन समोशांची पैज लावली म्हणून रुचिका उठली होती. बारावीला आल्यापासून तिला कशाचीच भीड उरली नव्हती. मागच्या बाकावरच्या पोरी तोंडात ओढण्या कोंबून बसल्या.

आरोग्य केंद्रातल्या दिव्या सिस्टर केशोरी गावच्या शाळेत नर्सिंगच्या डिग्रीबद्दल सांगायला आल्या होत्या. आधी चार वर्षं, मग बाळंतपणाचं वेगळं शिक्षण. त्या रागावल्या नाहीत.

"हो. एक. दिवस भरलेली. डोकं फुटतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे चमकत होतं. बीपी वाढलं होतं. घरच्यांनी आणली तेव्हा झटके सुरू झालेले. इंजेक्शन होतं माझ्यापाशी, वेळ नव्हता."

रुचिका खाली बसली. पैज जिंकली, पण दोन्ही समोसे तिनं रिंकूलाच देऊन टाकले.

त्याच आठवड्यात शाळेतून घरी आली, तर भर दुपारी अंगणाचं फाटक बंद. आई दारातच उभी.

"हळू बोल. तुह्या वहिनीले कळा सुरू झाल्या."

दादा आणि बाबा धान कापायला गेलेले. त्यांनाही निरोप नव्हता. कळांची बातमी जितक्या कानांवर पडते तितकी बाई जास्त अडते, हे आईला तिच्या सासूनं शिकवलेलं.

आत दुर्पतावहिनी भिंतीला टेकून बसली होती. पाय इतके सुजलेले, की जोडवी बोटांत रुतली होती.

"काय होते वो वहिनी?"

"डोकं फुटून राहिलं. भिंतीवर काजवे दिसून राहिले."

हेच सिस्टरनी वर्गात सांगितलं होतं, आणि जाताना आपला नंबरही फळ्यावर लिहिला होता.

"आई, मी सिस्टरले फोन करतो!"

"चूप! बाहेर शब्द गेला तं अडन ते. मंग तुह्या तोंडानं अडली म्हणतीन लोकं!"

घरात मोबाइलला टॉवर मिळत नसे. मिळायचा तो हापशीपाशी, आणि तिथं या वेळी अर्ध्या मोहल्ल्याच्या बाया पाण्याला गुंड-हंडे घेऊन उभ्या. भरवर्गात न डगमगलेली रुचिका उंबऱ्यातच थबकली. खरंच अडली तर? लेकरू गेलं तर? आई जन्मभर आपलं तोंड पाहील का?

तेवढ्यात आतलं कण्हणं थांबलं. ते थांबणं कण्हण्याहून भयंकर होतं. रुचिका फोन घेऊन हापशीकडे धावली.

आवाज तुटत होता, म्हणून तिला बोंबलावंच लागलं. "सिस्टर, माह्या वहिनीले कळा येऊन राहिल्या! डोळ्यापुढं चमकते म्हणते!"

हापशीचा दांडा थांबला. सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या.

केंद्राची गाडी आली, वहिनीला केंद्रात नेलं. सिस्टर सुईत औषध भरत असतानाच वहिनीचे डोळे वर गेले.

"डाव्या कुशीवर धर तिला! सोडू नको!"

रुचिकानं धरलं. तळव्याखाली वहिनीचा खांदा जाळ्यातल्या मासोळीसारखा तडफडत होता. आता मेली, आता मेली, एवढंच डोक्यात. सिस्टरचा हात मात्र हलला नाही. सुई टोचली. हळूहळू तडफड शांत झाली, वहिनीनं घरघरत श्वास घेतला, आणि तशीच तिला गोंदियाला हलवली. तिथं पोरगी झाली. दोघी जगल्या.

त्या संध्याकाळी केंद्राच्या पायरीवर सिस्टर चहा प्यायला बसल्या, तेव्हा त्यांच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. रुचिकानं ते पाहिलं आणि बशी हातानं धरून ठेवली.

वहिनी घरी आली त्या दिवसापर्यंत आई रुचिकाशी बोलली नव्हती. ताटं वाढताना रुचिकाच म्हणाली, "बाबा, बारावी झाली का मी नर्सिंगच्या डिग्रीले जातो. मंग बाळंतपणाचं शिकतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "त्या दिवशी दवाखान्यात थरथरून राहिली होती म्हणे तू? भेव नाही लागत?"

"लागते. आताही लागून राहिलं," रुचिका म्हणाली. मग आईकडे वळली. "अन् आई, माह्या हाती येणाऱ्या एकाही बाईच्या कळा मी लपवू देणार नाही. हापशीवर उभी राहून बोंबलीन."

आईनं तिच्याकडे पाहिलं. आणि भात वाढला, दुप्पट.