गिरजाबाई दोडके घेते

साऱ्या हयातीत गिरजाबाई बाजारात बसली ती विकायला. घ्यायला म्हणून शिरपूरच्या बाजारात पहिल्यांदाच उभी राहिली, तर पोलक्यातले पैसे आधी काढावेत की भाव आधी विचारावा, हेच तिला उमजेना.

पोरगा हर्षल पुण्याला कंपनीत लागला, नवऱ्याचे, उत्तमरावांचे गुडघे धरले, निंदणाला बाया मिळेनात. म्हणून यंदा वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलं. बटईवाल्यानं विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यांतही सोयाबीन पेरलं. “आता सोयाबीनचंच कोरड्यास करू काय?” असं उत्तमरावांना ऐकवून ती घरून निघाली होती.

तिच्या जुन्या जागी गोमतीबाई बसली होती. रिठद गावाकडची नवखी, तरणी बाई, पुढ्यात दोडके. तिनं भाव सांगितला आणि गिरजाबाई मुकाट्यानं पैसे काढू लागली, तोच कोणीतरी तिचं मनगट धरलं.

“अवं गिरजे, सांगतला तेवढा देतं का कोणी?”

कंचनबाई! किराणा दुकानवाल्या जैन फूलचंदशेठची बायको. गिरजाबाईचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. दोघी भांडल्या नाहीत असा बाजार गेला नव्हता.

“सरक. कसं घ्यायचं ते पाह्य.” कंचनबाईनं दोडका उचलून नाक मुरडलं. “जून हायेत.”

“जून?” गिरजाबाईला राहवलं नाही. “नख लावून पाह्य! देठातून पाणी निंगून राह्यलं अजून. आज सकाळीच तोडले असतीन!”

“तू माह्याकडून हायेस का तिच्याकडून?”

आजूबाजूच्या बाया खदखदून हसल्या. गोमतीबाईनं सरकून पोत्यावर जागा केली. “बसा मावशी. मले भाव सांगता येते, बोलता येत नाही.”

गिरजाबाई बसली ती बसलीच. तागडी हातात आली आणि आवाज आपोआप मोकळा झाला. गिऱ्हाईक जमलं. एकीनं विचारलं, “तुमच्या वावरातले का?”

गिरजाबाईचा हात क्षणभर तागडीवरच थांबला. “नाही, माय,” ती म्हणाली. “इच्या वावरातले. पण माल नंबरी हाय, घे.”

कंचनबाईशी तर मनसोक्त हुज्जत झाली. शेवटी नेहमीसारखा वरून एक दोडका घेऊनच ती हटली. माल संपल्यावर गिरजाबाईसाठी बाजूला ठेवलेले दोडके तिच्या पिशवीत टाकत गोमतीबाई म्हणाली, “पुढच्या बाजारी याच बरं मावशी. तुमच्याबिगर मले जमत नाही.”

“येतो,” गिरजाबाई म्हणाली. घरी बसून तरी कोणाशी भांडणार होती ती?

कंचनबाईनं तिला ओढतच घरी नेलं आणि दोडक्याची भाजी करून ताट वाढलं. इतकी वर्षं या घरी भाजी पुरवली, पण शिजलेली गिरजाबाईनं आजच पाहिली. तिनं घास घेतला, डोळे मिटून चावला.

“कशी झाली?” कंचनबाईनं विचारलं.

“चव हाय वं तुह्या हाताले. पण लसूण पाह्यजे होता.”

“आमच्या घरात लसूण?” कंचनबाईनं पदर तोंडाला लावला, आणि दोघी अशा हसल्या की फूलचंदशेठ दुकान सोडून आत डोकावले.