ज्याचं त्याचं झाड

चष्म्याच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक छोटीशी ट्रॅव्हल एजन्सी होती. ती चालवणाऱ्या बाईला सगळे सूनबाई म्हणत, कारण तिची सासू दिवसभर तिथेच खिडकीपाशी बसून असायची आणि तिला त्याच नावाने हाक मारायची. सासूबाईंचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेला होता. निवृत्तीनंतर घरात बोलायला कुणी नाही म्हणून त्या एजन्सीत येऊ लागल्या आणि तिथल्याच झाल्या.

एजन्सीत सगळ्यात जास्त खपायची ती तलावकाठच्या रिसॉर्टची सहल. विमानाने जायचं, पुढे मोटारबोटीने थेट रिसॉर्टवर उतरायचं, चार दिवस मजा करायची आणि निघताना आपल्या आवडीच्या नावाने एक झाड लावून यायचं. "विमानाचा धूर होतो ना, तो झाड भरून काढतं," सूनबाई गिऱ्हाइकांना सांगायची. "म्हणजे फिरणंही होतं आणि मनाला टोचणीही राहत नाही." गिऱ्हाईक पटवण्यासाठी नव्हे, तिचा खरोखरच त्यावर विश्वास होता.

इतका, की मागल्या वर्षी तिने सासूबाईंनाच तिथे पाठवलं. त्यांनी दिवंगत नवऱ्याच्या नावाने झाड लावलं. "जन्मात कधी कुंडीला पाणी घातलं नाही त्यांनी," परत आल्यावर त्या म्हणाल्या, "आता कळेल तहान काय असते ते." पण बोलताना त्यांचा आवाज ओला झाला होता.

यंदा त्यांनी धोशा लावला, की झाड बघायला जायचं. सूनबाईने रिसॉर्टला फोन केला. मॅनेजर मधाळ आवाजात म्हणाला, "आमचं वनक्षेत्र सध्या विश्रांतीवर आहे. पाहुण्यांना नेत नाही. फोटो पाठवतो ना." फोटो आला. त्यात एक रोप होतं, कुणाचंही असू शकेल असं.

"झाडं कसली विश्रांती घेतात?" सासूबाई म्हणाल्या. "ती काय कारखान्यात कामाला जातात? आपण न कळवता जाऊ. आणि विमान नको गं बाई, मागच्या खेपेला माझे कान आठवडाभर वाजत होते."

आगगाडीने आणि पुढे लाँचने जाता येतं, हे सूनबाईला माहीत होतं. पण एवढ्या वर्षांत ते कुणाला सांगावंसं तिला वाटलं नव्हतं. कोण जाणार असं रखडत, असंच ती धरून चालली होती. आता स्वतःच खिडकीपाशी बसून जाताना तिला जाणवलं, की ज्या मुलखाची तिकिटं आपण विकतो तो आपण कधी धड पाहिलेलाच नाही. डब्यातल्या लोकांशी सासूबाईंच्या गप्पा अशा रंगल्या, की उतरताना दोन बायकांनी त्यांना घरचा पत्ता दिला.

तलाव ओलांडून नेणारी लाँच गावचीच होती. तिच्यात शाळेच्या बाई, दुधाच्या कॅना आणि एक शेळी असे सगळे एकत्र बसत. लाँच चालवणारी बाई अंगाने आडवी आणि बोलायला सडेतोड होती. तिच्या घरात वरची खोली रिकामी होती, तिथेच दोघी उतरल्या.

"रिसॉर्टचे पाहुणे गावात येतात का?" सूनबाईने विचारलं.

"इथून बघितले की दिसतात," लाँचवाली म्हणाली. "ते बोटीतून येतात आणि बोटीतून जातात. त्यांचा जनरेटर रात्रंदिवस चालतो तो आम्हाला ऐकू येतो, आणि त्यांचं सांडपाणी कुठे जातं ते आमच्या जाळ्यांना कळतं."

दुसऱ्या दिवशी दोघी काठाकाठाने चालत निघाल्या. पायवाट सगळ्यांची होती, ती रिसॉर्टच्या कुंपणाला खेटूनच जात होती. कुंपणापलीकडे नेमका तोच समारंभ चालला होता. एक नवं जोडपं हातात झारी घेऊन उभं होतं. त्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पाणी घातलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग त्यांना घेऊन मोटारबोट निघून गेली. बोटीचा आवाज विरतो न विरतो तोच एका माणसाने येऊन माती बाजूला केली आणि रोप उचललं, अगदी कुंडीसकट. ते त्याने नळाशेजारी सावलीत नेऊन ठेवलं आणि पुढच्या पाटीवर कुणाचं तरी नवं नाव खडूने लिहायला घेतलं.

सासूबाई वळल्या आणि तडक रिसॉर्टच्या फाटकातून आत शिरल्या. सूनबाई त्यांच्या मागोमाग धावली.

मॅनेजरने दोघींना केबिनमध्ये बसवलं, पंखा वाढवला. "हे सगळं प्रतीकात्मक असतं," तो म्हणाला. "भावना महत्त्वाची."

"भावना माझ्या घरी होतीच की," सासूबाई म्हणाल्या. "ती ठेवायला एवढ्या लांब कशाला आले असते?"

"आजपर्यंत एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही."

"कशी करतील? कुणी बघायलाच आलं नाही."

मॅनेजर मग सूनबाईकडे वळला. त्याचा आवाज अजूनही मधाळच होता. "तुमचा निम्मा धंदा आमच्या जिवावर चालतो, मॅडम. घाईने काही करू नका."

ते खरंच होतं. परतीच्या गाडीत सूनबाईचा डोळा लागेना. खोटं रिसॉर्टचं होतं, पण ते घरोघरी पोचवलं मी, हे तिच्या मनातून हलत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आई, दारावर जाहीर माफीचा कागद लावते."

"कागद लावून माफी मागतात का कुठे? ज्याची त्याला मागायची असते."

"सगळ्यांना? कितीजण गेलेत माहीत आहे ना तुम्हाला?"

"मी अख्ख्या शहराच्या लाइनी जोडल्यात," सासूबाई म्हणाल्या. "तू नंबर लावून दे."

पुढचे काही दिवस एजन्सीत दुसरं काम झालं नाही. सूनबाई आधी स्वतः बोलायची, काय पाहिलं ते सांगायची, आपली चूक कबूल करायची, आणि मग फोन सासूबाईंच्या हातात द्यायची. काहींनी फोन आपटला. एका वकिलाने दोघींना यथेच्छ झापलं. सासूबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी त्याच शांत, एक्स्चेंजमधल्या आवाजात विचारायच्या, "मग, आपलं झाड बघायला येताय का? आगगाडीने जाऊ. वेळ लागेल, पण कंटाळा येणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

सूनबाईला वाटलं होतं, चार-दोन टाळकी येतील. ठरल्या सकाळी ती स्टेशनवर पोचली तर फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. दातांचे डॉक्टर सहकुटुंब आले होते. लग्नानंतर झाड लावलेलं जोडपं आता कडेवर बाळ घेऊन उभं होतं. तो चिडका वकीलही होता. सूनबाईने नजर चुकवली, तर त्यानेच येऊन तिची बॅग उचलली.

गाडीत डबे उघडले गेले, ओळखी निघाल्या. लाँचवालीने तिघांतिघांना दाटीने बसवलं, तरी दोन खेपा कराव्या लागल्या. रात्री पाहुणे गावात घरोघरी विभागून उतरले आणि सकाळी सगळी वरात काठाच्या पायवाटेने रिसॉर्टच्या मुख्य दाराशी जाऊन उभी राहिली. दारावरच्या कमानीवर 'निसर्गाचे मित्र' असं लिहिलेलं पत्र्याचं हिरवं पान मिरवत होतं.

कुणी आवाज चढवला नाही, तसं आधीच ठरलं होतं. दातांचे डॉक्टर पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "मी इथे आईच्या नावाने झाड लावलं होतं. जरा दाखवता का?"

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं आणि नळाजवळच्या रोपाकडे बोट केलं.

"अहो, हे तर आमचं," बाळाची आई म्हणाली. "फोटोत हीच वाकडी फांदी आहे."

"मग माझ्याही फोटोत हीच कशी?" मागून एक आजोबा म्हणाले.

"म्हणजे आपण नातेवाईक निघालो," वकील म्हणाला. सगळे हसले, आणि त्या हसण्याने जे झालं ते आरडाओरड्याने झालं नसतं. नाश्ता करत बसलेले रिसॉर्टचे पाहुणे उठून आले. ज्यांना त्याच दुपारी झाड लावायचं होतं, ते मॅनेजरला एकेक प्रश्न विचारू लागले. एकाने जाऊन जनरेटरभोवतालचा बांबूचा पडदा बाजूला केला. दुसऱ्याने सांडपाण्याचा पाइप कुठे जातो ते विचारलं. मॅनेजरने जाऊन मालकाला बोलावून आणलं.

मालक घाईघाईने शर्टाची बटणं लावत आला. गर्दी पाहून त्याने थेट सूनबाईलाच गाठलं. "काय हवंय तुम्हाला? बाजूला बसून मिटवू."

सूनबाईचा निम्मा धंदा समोर उभा होता. तिने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, पण त्या मुद्दाम दुसरीकडेच बघत होत्या. हे तुझं तू बोल, असा त्याचा अर्थ होता.

"बाजूला नको," ती म्हणाली. "दारावरचं ते हिरवं पान उतरवा. आत्ता, आमच्यासमोर. आणि झाडं लावायचा हा खेळ बंद करा. जे तुम्ही करत नाही ते आम्हीही विकणार नाही."

मालक मागे वळला. त्याच्याच पाहुण्यांनी तोपर्यंत बॅगा बाहेर आणून ठेवायला सुरुवात केली होती. शेवटी त्याने शिडी मागवली. कमानीवरचं भलंमोठं पत्र्याचं पान खिळे उपटून खाली उतरवलं गेलं, तेव्हा टाळ्या आधी रिसॉर्टच्याच बाजूने वाजल्या. सूनबाईचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

दुपारी लाँचवालीला तिसरी खेप करावी लागली, कारण मोटारबोट नको म्हणून रिसॉर्टचे पाहुणेही तिच्याच धक्क्यावर येऊन उभे राहिले होते. "एवढी माणसं मी लग्नातसुद्धा पाहिली नाहीत," ती म्हणाली आणि भोंगा दोनदा जास्तच वाजवला.

धंदा बुडाला नाही. पहिले दोन महिने ओढाताण झाली, नंतर लोक लांबून विचारत यायला लागले. गावात उतरायच्या खोल्या वाढल्या. चालत फिरवायला शाळेच्या बाई तयार झाल्या. रिसॉर्टच्या मालकाने सांडपाण्याची टाकी बांधायला घेतली, असं लाँचवालीने कळवलं. "बांधू दे, बघू," सूनबाई म्हणाली. "मी स्वतः जाऊन पाहीन, मगच कुणाला सांगेन."

हंगामाच्या सुरुवातीला एक गृहस्थ जिना चढून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या तलावाला पोचायला दोन दिवस लागतात म्हणे. जरा जास्तच होतात, नाही?"

"सहल दाराबाहेर पडलं की सुरू होते," सूनबाई म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, खिडकीकडची जागा देते."