खालचे तिघे

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हेडसर गणिताच्या बाईंना ऑफिसात बोलवायचे, दार लोटून घ्यायचे आणि साखरेत घोळून तेच वाक्य म्हणायचे, "बाई, खालच्या तिघांना त्या दिवशी जरा विश्रांती देऊ."

विश्रांती! काय पण शब्द शोधलाय. त्या एका सरकारी परीक्षेवरून सगळ्या शाळांची सरासरी निघायची, यादी लागायची, आणि यादीच्या तळाला गेलेली शाळा पुढच्या वर्षी बंद. सराव परीक्षेत सगळ्यांत कमी गुण मिळवणारी तीन मुलं घरी बसली, की सरासरी आपोआप वर. बाईंनी तीन चिठ्ठ्या लिहायच्या, 'उद्या पाल्यास शाळेत पाठवू नये', खाली सही, आणि हळूच त्यांच्या दप्तरांत सरकवायच्या.

सहावीत बाईंच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी अडतीस आली. बाईंना वाटलं, लांबली असेल सुट्टी. आठवडा झाला तरी पत्ता नाही, म्हणून हजेरीपट उघडला, तर नावंही अडतीसच. ओळीनं, मध्ये एक खाडाखोड नाही. एका बाकाखाली डबा पडला होता. "कुणाचा रे हा?" पोरं नुसती एकमेकांकडे बघत बसली. मग बाजारात त्या तिघांतल्या एकाची आई भेटली. बाईंनी विचारलं, "बरा आहे ना तो?" ती हसली. "कोण हो? आम्हाला मूलबाळ नाही."

सातवीत पुन्हा तेच. अडतिसाचे पस्तीस झाले. शाळा यादीत वर चढली, हेडसर नवा कोट घालून मिरवले. बाईंना मात्र सहाच्या सहा मुलं आठवत होती, चेहऱ्यांसकट. चिठ्ठ्या त्यांच्याच हातानं लिहिलेल्या ना, बहुधा म्हणूनच. मग बोलल्या का नाहीत? नाही बोलल्या. नोकरीचा प्रश्न होता, आणि सांगणार तरी काय, कुणाला? मूग गिळून बसल्या. आणि खालचे तीन गेले की त्यांच्या वरचे तीन खालचे होतात, हे गणित शिकवणाऱ्या बाईला तोवर सुचलंच नव्हतं, बोला!

सुचलं ते आठवीत, सरावाचे पेपर तपासताना. खालून तिसरी आली होती गुंडी.

गुंडी म्हणजे बाईंची भाची. बहीण गेली तेव्हापासून, चार वर्षं, बाईंच्याच घरी. बुटकी, गोल, तोंडाची टकळी अखंड चालू. शाळेत 'बाई' म्हणायचं असं ठरलेलं असूनही दिवसातून दोनदा भर वर्गात 'मावशी' अशी हाक मारणारी. आणि गणितात ढ. अगदी ढ. त्यांनी लाल पेन उचललं आणि गुंडीच्या बावीसचे एकोणतीस केले. आता तिच्या जागी आली मागच्या बाकावरची उंच मुलगी, अठ्ठावीसवाली, जी रोज कुणी न सांगता फळा पुसून ठेवायची. तिची चिठ्ठी लिहिताना बाईंना स्वतःची किळस आली. तरी लिहिली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गुंडीला समोर बसवलं.

"उद्या आठच्या आत वर्गात. मला पेपरांचे गठ्ठे मोजायला लवकर जायचंय. दार ओढून घे आणि सरळ ये."

"मावशी, मी नाही आले तर?"

"तंगडं मोडीन!"

"अगं, पण मला काही म्हणजे काहीच येत नाही. सरासरी पडली तर हेडसर तुला बोलतील ना?"

"माझं मी बघीन. सगळा पेपर चुकीचा लिही, कोरा दे, पण बाकावर येऊन बस. कळलं?"

"बरं बाई, बरं," गुंडी म्हणाली. असं 'बरं' तिनं आजवर शंभरदा म्हटलं होतं.

सकाळी आठ वाजले. पेपर वाटून झाले. बाक रिकामे होते चार.

बाईंनी पुन्हा मोजले. चारच. "मामा, जरा वर्गात उभे राहा," असं शिपायाला ओरडून सांगत त्या धावतच सुटल्या.

"गुंडे, चप्पल घाल, चल पटकन, अजून आत घेतात," असं पुटपुटत त्या फाटकाबाहेर पडल्या. पोस्टाच्या कोपऱ्यावर छाती भरून आली, तरी थांबल्या नाहीत. "पोरी, चप्पल घाल, चल." पुलावर मात्र दम खायला कठड्याला टेकल्या. "चप्पल घाल, चल," असं तोंडातून गेलं, आणि हे आपण कुणाला म्हणतोय, या विचारानं त्या ओशाळल्या. एकटीनं राहायचं म्हणजे असं स्वतःशीच बोलायची सवय लागतेच.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी छोट्या मुलीच्या चपला. "शेजारच्या पोरी कुठंही काढून जातात," त्या म्हणाल्या. गॅस चालू राहिला वाटतं, म्हणून आत जाऊन बघितला. बंद होता. म्हणजे उगीच धावले मी, भर परीक्षेतून! टेबलावर पेल्याखाली वहीचं एक पान दाबून ठेवलं होतं.

'मावशी, रागावू नकोस. मी घरीच थांबते. मी नसले की तुझी सरासरी वाढते. तू शिकवलंस तसं करून पाहिलं, पहिल्यांदाच बरोबर आलं. संध्याकाळी लवकर ये.'

बाईंनी दोनदा वाचलं. अक्षर ओळखीचं वाटेना, आणि वर्गातल्या एकूण एक पोराचं अक्षर तर त्यांना पाठ. कुणाची असेल बिचारी! खाली तीन ओळींत केलेलं गणित होतं, तेही त्यांनी सवयीनं तपासलं. बरोबर होतं. त्यांच्या घशाशी हुंदका आला. कशाचा, ते काही केल्या कळेना.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. उद्या वर्गात विचारू. जिची असेल ती हात वर करील.